धंदेशिक्षणाचा कारभार
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आपल्या घरांतील दिवे रात्रीं एकाएकी गेले, तर आपण जवळच्या आळींतील वायरमनला बोलावून आणतों. तो येतो, भिंतीवरची पेटी उघडतो, आणि आपण आपल्या घराची व मुलाबाळांची सुरक्षितता निःशंक मनानें त्याच्या हातीं सोंपवितों. तो काय शिकला, कोणापाशीं शिकला, त्याची परीक्षा कोणीं घेतली, हें विचारण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. डॉक्टरच्या पाटीवरील पदवी आपण वाचतों. वकिलाला सनद लागते हें आपणांस ठाऊक असतें. पण ज्याच्या एका चुकीनें घर पेट घेईल, त्या कारागिराच्या विद्येची हमी कोण घेतो, याची माहिती सुशिक्षित घरांतूनहि क्वचितच आढळते. आजचें माझें भाषण या हमीविषयीं आहे.

पूर्वीं हा प्रश्न उद्भवत नसे. गांवगाड्यांतील सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे पिढ्यान्‌पिढ्यांचे बलुतेदार. बापानें शिकवावें, मुलानें शिकावें, आणि फाळ नीट शेवटला कीं नाहीं याचा निकाल पहिल्या नांगरटीलाच लागावा, अशी रीत होती. अभ्यासक्रम बापाच्या हातांत, परीक्षा गांवाच्या डोळ्यांत, आणि प्रमाणपत्र म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारें बलुतें! या व्यवस्थेचा मोठा गुण असा कीं, कारागीर आणि त्याचें गिऱ्हाईक एकमेकांस जन्मभर ओळखत. पण तिचा दोष त्याहूनहि मोठा होता. कोणी काय शिकावें हें त्याच्या बुद्धीवरून ठरत नसे, जन्मावरून ठरे. आणि ज्याच्या वांट्याला कोणतेंच कसब आलें नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या बांधावर राबून आयुष्य काढावें, याखेरीज त्याला गति नसे.

ही चौकट मोडली हें चांगलेंच झालें. परंतु ती मोडतांच ओळखहि गेली. आजचा जोडारी, ज्याला आपण बोलतांना फिटर म्हणतों, तो एका जिल्ह्यांत जन्मतो, दुसऱ्यांत शिकतो आणि तिसऱ्यांत पोट भरतो. त्याचा बाप कोण, हात कसा, हें त्याच्या मालकाला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. त्या गेलेल्या ओळखीच्या जागीं आतां एक कागद आला आहे. धंदेशिक्षणाचा कारभार म्हणजे, अनोळखी माणसाच्या हातावर विश्वास ठेवतां यावा म्हणून राष्ट्रानें उभारलेली व्यवस्था होय. तो कारभार नीट चालला तर कागदाला किंमत राहते. ढिला पडला तर बापाची ओळखहि गेली आणि कागदहि फुकट, अशी त्या मुलाची स्थिति होते.

हें सारें डोळ्यांपुढें उभें राहावें म्हणून नांदेड जिल्ह्यांतील उमरी हें गांव आपण उदाहरणादाखल घेऊं. मनमाडहून निघालेली आगगाडी परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड अशीं ठिकाणें घेत उमरीस येते. पुढें धर्माबाद, आणि त्यापुढें बासरला पोंचावयाच्या आंत महाराष्ट्राची हद्द संपून तेलंगण लागलेलें असतें. गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणारा हा लोहमार्ग १९०० सालीं सुरू झाला. उमरीच्या स्थानकावर उभ्या राहिलेल्या तरुणाला एका बाजूची गाडी छत्रपति संभाजीनगराकडे नेते, तर दुसऱ्या बाजूची निजामाबाद-हैदराबादकडे. त्याच्या हातांतील प्रमाणपत्र एका राज्यापुरतेंच चालणारें असेल, तर त्याचें अर्धें जग तेथेंच बंद झालें म्हणावयाचें.

दुसरीहि एक गोष्ट आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत उमरी निजामाच्या अमलाखालीं होती. मग ती स्वतंत्र भारतांतील हैदराबाद राज्यांत आली, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबई राज्यांत गेली, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत दाखल झाली. आपल्या जागेवरून तसूभरहि न हललेल्या या गांवाचें राज्य बारा वर्षांत तीनदां बदललें. ज्यानें या काळांत एखादें कसब शिकून घेतलें असेल, त्याच्या विद्येची किंमतहि दर वेळीं नव्यानें ठरवावयाची काय? धंदेशिक्षणाचें माप राष्ट्रीय कां असावें, याचें उत्तर उमरीच्या या इतिहासांतच आहे.

आपल्या संविधानाच्या कर्त्यांनीं ही गोष्ट ओळखली होती. १९५० सालीं संविधान अमलांत आलें तेव्हां शिक्षण हा विषय त्यांनीं मुख्यतः राज्यांकडे ठेवला. पण ‘कामगारांचें व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण’ एवढा भाग वेगळा काढून समवर्ती सूचींत, पंचविसाव्या नोंदींत, घातला. समवर्ती म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांचाहि ज्यावर अधिकार चालतो तो विषय. पुढें १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें सर्वच शिक्षण त्या नोंदींत आलें. म्हणजे हातोडा आणि कानस आधीं सामाईक झालीं, पाटी आणि लेखणी मागाहून झाली! मात्र या भेदाचा एक परिणाम दीर्घकाळ टिकला. केंद्रांत धंदेशिक्षण हें शिक्षणखात्याकडे नव्हतें, तें मजूरखात्याकडे होतें. आणि शाळा व कर्मशाळा या दोन सख्ख्या बहिणी दोन निराळ्या घरीं वाढल्या.

त्याचें मूळ युद्धांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत कारखान्यांना व सैन्याला कुशल माणसें हवीं होतीं म्हणून १९४० सालीं सरकारनें तांत्रिक शिक्षणाचीं केंद्रें काढलीं. १९४१ पासून कांहीं तरुण विलायतेंतील कारखान्यांत पाठविण्यांत आले, आणि तेथील मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचें नांव त्या योजनेस पडलें. युद्ध संपल्यावर १९४५ सालीं, सैन्यांतून मोकळ्या झालेल्या जवानांना उद्योगास लावण्यासाठीं केंद्रांत एक महासंचालनालय निघालें. फाळणीनंतर निर्वासितांचा भार त्यावर पडला. अखेर १९५० सालीं शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन, युद्धाच्या गरजेंतून जन्मलेली ही विद्या सर्वसामान्य तरुणांना खुली झाली. आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ज्यांना सारा महाराष्ट्र ‘आयटीआय’ म्हणतो, त्या याच योजनेचीं अपत्यें होत.

प्रारंभीं हा कारभार दिल्लीहूनच चाले. परंतु दिल्लींत बसून गांवोगांवच्या कर्मशाळांना भाते आणि निदेशक पुरविणें शक्य नव्हतें. बी. शिवराव यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सुचविल्याप्रमाणें १९५६ सालीं दोन गोष्टी झाल्या. संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला; आणि सर्व देशाला एकच माप लागावें म्हणून एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, जी पुढें राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद या नांवानें प्रसिद्धीस आली. १ एप्रिल १९६९ पासून संस्थांच्या खर्चाची जबाबदारीहि राज्यांनीं उचलली. तेव्हांपासून आजतागायत या कारभाराचें सूत्र एका वाक्यांत सांगतां येतें: माप केंद्राचें, घर राज्याचें.

आतां उमरीचा एखादा मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, होण्यासाठीं दाखल झाली असें समजूं, आणि तिच्या शिक्षणामागें किती हात आहेत तें पाहूं.

पहिलें काम, काय शिकवावयाचें तें ठरविणें. हें प्रशिक्षण महासंचालनालय करतें. वीजतंत्री व जोडारी यांस दोन वर्षें, संधाता म्हणजे वेल्डर यास एक वर्ष, ही मुदत तेथें ठरते. २०२२ सालीं सुधारलेल्या अभ्यासक्रमांत वर्षाचे तास १६०० वरून १२०० झाले. वीजतंत्र्याच्या पहिल्या वर्षीं त्यांतील ८४० तास प्रत्यक्ष हातकामाचे, २४० विषयज्ञानाचे आणि १२० बोलणें, वागणें, संगणक इत्यादि रोजगारास लागणाऱ्या गुणांचे आहेत. कोणत्या कर्मशाळेंत किती यंत्रें, किती पकडी, किती चौरस मीटर जागा असावी, हेंहि तेथूनच ठरतें. अभ्यासक्रमाची बांधणी कोलकात्याच्या एका केंद्रीय संस्थेंत होते. पुस्तकें चेन्नईच्या दुसऱ्या संस्थेंत तयार होतात. म्हणजे उमरीची मुलगी कोलकात्याला जुळविलेला धडा चेन्नईच्या पुस्तकांतून दिल्लीच्या नियमानें शिकते.

दुसरें काम, प्रत्यक्ष शिकविणें. येथें राज्याचा हात लागतो. महाराष्ट्रांत १९८४ सालीं तंत्रशिक्षणापासून वेगळें काढून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय स्थापन झालें. त्याचीं प्रादेशिक कार्यालयें मुंबई, पुणें, नाशिक, छत्रपति संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर येथें असून नांदेड जिल्ह्याचा कारभार संभाजीनगरच्या कक्षेंत येतो. इमारत, वीज, कच्चा माल, प्राचार्यांची नेमणूक, शिल्पनिदेशकांचा पगार, प्रवेशाची यादी, हा सर्व व्याप राज्याचा. २००७ नंतर देशांतील १३९६ शासकीय संस्थांत उद्योजकांनाहि स्थान देण्यांत आलें. संस्थेची व्यवस्थापन समिति करावयाची, तिचा अध्यक्ष उद्योगांतला, आणि तिला केंद्राकडून अडीच कोटि रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज, अशी ती योजना होती.

तिसरें काम, पारख. ज्यानें शिकविलें त्यानेंच आपल्या शिष्याला पसंतीची पावती द्यावी, हें बरें नव्हे, म्हणून परीक्षा अखिल भारतीय ठेवलेली आहे. लेखी परीक्षा आतां संगणकावर होते आणि प्रश्न केंद्राकडून येतात. हातकामाची परीक्षा मात्र कर्मशाळेंतच घ्यावी लागते, आणि तिची व्यवस्था राज्याकडे असते. उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतें. उमरीची मुलगी तें घेऊन हैदराबादेस गेली तरी तिला तेथें पुन्हां परीक्षा द्यावी लागत नाहीं.

चौथें काम, पक्कें करणें. कर्मशाळेच्या फळीवर जोडलेली तार आणि भरवस्तींतील घराची तार यांत जें अंतर असतें तें कामावरच तुटतें. त्यासाठीं १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. ज्या आस्थापनेंत तीस किंवा अधिक माणसें असतील तिनें आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असें २०१९ चे नियम सांगतात. येथें उमरीचें दुखणें उघडें पडतें. पुण्याच्या भोंवतालीं तीस माणसांचे कारखाने ओळीनें उभे असतात. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या तालुक्यांत तसे कितीसे सांपडणार? मग महावितरणची कार्यालयें, एस. टी.चीं आगारें, रेल्वे, असे सार्वजनिक दरवाजे ठोठावयाचे, नाहींतर गांव सोडून जावयाचें. मुलांच्या बाबतींत घरचे तें सोसतात. मुलीच्या बाबतींत पुष्कळदां शिक्षण तेथेंच थांबतें. कायदा सगळ्या देशाला एकच आहे, पण त्याची सावली सर्वत्र सारखी पडत नाहीं.

याप्रमाणें चार कामें आणि त्यांना लागलेले अनेक हात. कारभार सुरळीत असेल तर हे हात एकमेकांना सांवरतात; नसेल तर प्रत्येक हात दुसऱ्याकडे बोट दाखवितो. एखाद्या संस्थेंत शिल्पनिदेशकाची जागा रिकामी राहिली असें समजा. देशभर अशा जागा पुष्कळ आहेत. अभ्यासक्रम ठरविणारा म्हणतो, आमचे ८४० तास कागदावर स्पष्ट आहेत. संचालनालय म्हणतें, पद भरण्यास मंजुरी पाहिजे. वित्तखातें म्हणतें, तरतूद नाहीं. परीक्षा घेणारा म्हणतो, आम्हीं प्रश्न वेळेवर पाठविले. प्रत्येकाचें म्हणणें आपापल्या परीनें खरें असतें. आणि त्या सगळ्या खऱ्या बोलण्यांच्या बेरजेंत एका मुलाचीं दोन वर्षें वजा होतात. माप एकाचें आणि पैसा दुसऱ्याचा असला, म्हणजे मापांत कमी पडल्याचा जाब कोणीं द्यावा, हा या व्यवस्थेंतील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

एकविसाव्या शतकांत या जुन्या प्रवाहाशेजारीं दुसराहि एक प्रवाह वाहूं लागला. २००८ सालीं राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ निघालें, उद्योगांच्या क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदा स्थापन झाल्या, आणि २०१५ सालीं प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालीं थोड्या मुदतीचे वर्ग देशभर सुरू झाले. १९५० च्या योजनेंत वर्षा-दोन वर्षांचें शिक्षण. येथें कांहीं महिन्यांचें. परंतु या प्रवाहांत क्षेत्र परिषदाच माप ठरवीत आणि पारखहि त्यांच्याच देखरेखीखालीं होई. शारदा प्रसाद यांच्या समितीनें २०१६ सालीं या हितसंबंधांच्या गुंत्यावर स्पष्ट बोट ठेवलें. तराजू आणि माल एकाच दुकानदाराचा असेल तर गिऱ्हाइकानें काय करावें?

त्याला उत्तर म्हणून ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेनें राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण आणि प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि २०२० मध्यें तिचें काम सुरू झालें. ही परिषद स्वतः शिकवीत नाहीं, परीक्षाहि घेत नाहीं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था कोणत्या आणि पारख करणाऱ्या संस्था कोणत्या, यांना ती मान्यता देते, आणि चुकल्यास ती काढूनहि घेऊं शकते. जुन्या राष्ट्रीय परिषदेचीं नियामक कामेंहि तिच्याकडे आलीं आहेत. त्याआधीं, नोव्हेंबर २०१४ मध्यें, केंद्रांत कौशल्य विकास व उद्योजकता हें स्वतंत्र मंत्रालय झालें, आणि २०१५ सालीं प्रशिक्षणाचा व्याप मजूरमंत्रालयांतून तिकडे गेला. पहारेकऱ्यांवरचा पहारेकरी, असें या नव्या परिषदेचें वर्णन करतां येईल. तिचा पहारा किती जागा राहतो यावर पुढच्या पिढीच्या कागदाची किंमत अवलंबून आहे.

बाहेरच्या जगांत हा प्रश्न कसा सोडविला गेला, हें पाहण्यासारखें आहे. जर्मनींत धंदेशिक्षणाचा कायदा १९६९ सालीं झाला. तेथें मुलगा आठवड्याचे कांहीं दिवस कारखान्यांत आणि कांहीं दिवस शाळेंत जातो. कारखान्यांतील शिक्षणाचे नियम मध्यवर्ती सरकारचे, शाळा घटक राज्यांच्या, म्हणजे आपल्यासारखीच वांटणी. पण परीक्षा व्यापार व कारागिरांच्या मंडळांकडे असते, आणि परीक्षकांच्या समितींत मालकांचे जितके प्रतिनिधि तितकेच कामगारांचे, शिवाय निदान एक शिक्षक, असा कायद्याचाच दंडक आहे. ज्याला माणूस हवा तो, ज्यानें तें काम आयुष्यभर केलें तो, आणि ज्यानें शिकविलें तो, असे तिघे एका टेबलाशीं बसून हात पारखतात. आमच्या बलुतेदारींत गांवाचे डोळे जें काम करीत होते, तेंच तेथें जन्माची अट काढून टाकून कायद्यानें करून घेतलें आहे.

आपल्याकडे सरकार बसलेलें आहे, उद्योगपति बसलेला आहे. पण वीस वर्षें खांबावर चढलेला वायरमन त्या टेबलाशीं क्वचितच दिसतो, आणि उमरीचा पालक तर मुळींच दिसत नाहीं. व्यवस्थापन समितींत मोठा कारखानदार मिळत नसेल तेथें जिनिंगचा मालक, आगारांतील जुना मिस्त्री, पंप दुरुस्त करणारा कारागीर, यांना कां बसवूं नये? राष्ट्रीय माप ढिलें न करतां त्यावर स्थानिक डोळा ठेवण्याचें काम ही माणसें उत्तम रीतीनें करतील. लहान गांवांत ओळख अजून शिल्लक आहे. कारभारानें तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

श्रोतेहो, शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. आपल्या घरांतील, आपल्या कामवालीच्या घरांतील किंवा गांवाकडील नात्यांतील एखादें मूल या वाटेनें जाणार असेल, तर प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. संस्थेलाच नव्हे, तर त्या विशिष्ट व्यवसायाच्या त्या तुकडीला संलग्नता आहे काय? कारण ती तुकडीनिहाय मिळत असते. प्रमाणपत्र राष्ट्रीय मिळणार कीं राज्यापुरतें? निदेशक नेमलेला आहे काय, आणि त्यानें शिकविण्याचें प्रशिक्षण घेतलें आहे काय? आणि कर्मशाळेंतील यंत्रें चालू आहेत काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कार्यालयांत विचारूं नये. कर्मशाळेच्या दाराशीं जाऊन कानानें ऐकावें. चालत्या कर्मशाळेला आवाज असतो.

महाविद्यालयाची निवड करतांना आपण दहा ठिकाणीं चौकशी करतों. हाताची विद्या शिकणाऱ्या मुलासाठीं तितकी चौकशी करणारा कोणी नसतो, म्हणूनच तिचा कारभार ढिला पडतो. कारभार दिल्ली, मुंबई आणि संभाजीनगर येथें चालतो हें खरें. पण त्याला जागें ठेवणारा प्रश्न उमरीच्या ओट्यावरून आणि आपल्या दिवाणखान्यांतून विचारला गेला पाहिजे. पुढच्या वेळीं वायरमन घरीं आला, दिवे लागले, आणि तो हात पुसत निघाला, कीं त्याला चहा द्या आणि सहज विचारा, ‘तुम्ही कोठें शिकलांत?’ फार वर्षांत त्याला हा प्रश्न कोणीं विचारलेला नसेल.